एक पायरी कमी

गुरुवारी संध्याकाळी सात वाजले, तसं सुधींद्ररावांनी रेडिओचं बटण नेहमीपेक्षा जरा जास्तच पिळलं. चामराजपेटेतल्या त्या गल्लीत सहा घरांत रेडिओ होते आणि सहाही घरांत या वेळी हाच कार्यक्रम लागे, त्यामुळे आवाज वाढवायची तशी काही गरज नव्हती. पण आपला रेडिओ शेजाऱ्यांच्या रेडिओपेक्षा वरच्या पट्टीत बोलला पाहिजे, असं त्यांना वाटे. कारण त्यातून बाहेर पडणारा प्रत्येक प्रश्न त्यांनी स्वतः लिहिलेला असे.

कार्यक्रमाचं नाव 'उत्तर कोडी'. कानडीत त्याचा अर्थ 'उत्तर द्या', पण पुण्याकडचे पाहुणे आले की त्यांना ती सोडवायची कोडीच वाटत, आणि सुधींद्रराव मोठ्या हौसेनं त्यांना फरक समजावून सांगत. आज अंतिम फेरी होती. समोर पत्नी वसुमती अवरेकाईच्या शेंगा सोलत बसली होती आणि थोरली बहीण अंबुअक्का मांडीवर तळहात फिरवत वाती वळत होती.

"शेवटचा प्रश्न," निवेदक म्हणाला. "राजाजीनगरच्या पलीकडे गुड्डद हनुमंतरायाची टेकडी आहे. तिला पायऱ्या किती?"

सुधींद्ररावांनी डोळे मिटले. आपला प्रश्न हवेत सोडल्यावर होणाऱ्या शांततेत त्यांना विलक्षण सुख मिळे.

"नूरेळु," एका बाईचा आवाज आला. म्हणजे एकशे सात. उच्चार इतका स्वच्छ होता, की बाई कानडी व्याकरणाच्या पुस्तकातून शिकली असावी हे लगेच कळत होतं.

"तप्पु!" निवेदक हळहळला. "चूक! बरोबर उत्तर नूरेंटु. एकशे आठ."

"क्षमिसि," बाई म्हणाली. "मी दर शनिवारी ती टेकडी चढते. एकशे सातच आहेत."

"पण अम्मा, कार्डावर एकशे आठ लिहिलंय."

"मग कार्ड चुकलंय."

रेडिओतून दोन क्षण नुसती खरखर ऐकू आली. मग घाईघाईनं कुणीतरी वीणेची तबकडी लावली.

"पुण्याकडची दिसते," सुधींद्रराव म्हणाले.

"तुम्हांला कसं कळलं?" वसुमतीनं विचारलं.

"वीणा लागेपर्यंत बोलत होती." आणि ते मनापासून हसले.

अंबुअक्का मात्र हसली नाही. तिचा वळता हात थांबला होता. "सुधी," ती म्हणाली, "हल्ली तीन वर्षं झाली, माझा एक दिवा उरतो रे."

"कुठला दिवा?"

"श्रावणातल्या शेवटच्या शनिवारी मी पायरीपायरीवर दिवा ठेवते ना? एकशे आठ मोजून नेते. एक हातात उरतो. मी म्हटलं, वय झालं, मीच एक जास्त मोजत असेन."

"तसंच असणार, अक्का," सुधींद्रराव म्हणाले. पण त्यांनी रेडिओ स्वल्प बारीक केला.

सुधींद्रराव चिकपेटेतल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायचे. त्यांच्या ज्ञानाचं उगमस्थान हेच. छापखान्यात शाळेची भूगोलाची पुस्तकं येत, आयुर्वेदिक औषधांची माहितीपत्रकं येत, पंचांगं येत, म्हशींच्या रोगांवरची सरकारी पुस्तिका येत, आणि लग्नपत्रिका तर ढिगानं. सुधींद्ररावांनी ते सगळं एकदा नव्हे, तीन-तीनदा वाचलेलं असे. तेरा वर्षांत त्यांच्या नजरेतून एक काना सुटला नव्हता. 'उत्तर कोडी' सुरू झाल्यावर ते सहज म्हणून गेले आणि लागोपाठ तीन अंतिम फेऱ्या जिंकून आले. प्रत्येक विजयाला भिंतीवरचं एक घड्याळ मिळे. घरात तीन घड्याळं झाली. ती तिन्ही वेगवेगळी वेळ दाखवत, पण त्यातलं एकही काढायला सुधींद्रराव तयार नव्हते. वसुमती गिरणीच्या भोंग्यावर स्वयंपाक करी.

चौथ्या वेळी इतर स्पर्धकच येईनासे झाले. तेव्हा कार्यक्रमाचं काम बघणारे प्राणेशराव त्यांना बाजूला घेऊन, कानडी आदराचा 'रे' लावत म्हणाले, "रावरे, तुम्हांला हरवता येत नाही आणि घालवताही येत नाही. तुम्ही असं करा, आता प्रश्नच लिहा." त्या दिवशी सुधींद्रराव चामराजपेटेपर्यंत चालत आले. बसमध्ये बसून ही बातमी मनात मावली नसती.

प्रश्न लिहिताना त्यांनी एक नियम केला. पुस्तकातला प्रश्न घालायचा नाही. पुस्तकं काय, सगळेच वाचतात. आपण जावं, डोळ्यांनी बघावं आणि मग विचारावं. त्यासाठी त्यांनी एक जाड वही केली होती. प्रत्येक प्रश्नापुढे उत्तर आणि उत्तरापुढे लाल शाईत दोन शब्द: 'स्वतः पाहिले'. त्या दोन शब्दांचा त्यांना तिन्ही घड्याळांपेक्षा जास्त अभिमान होता.

टेकडीच्या प्रश्नापुढेही ते दोन शब्द होते. त्या रात्री जेवताना सुधींद्ररावांना एकाएकी तो दिवस आठवला.

ते पायऱ्या मोजत चढत होते हे खरं. चौसष्टपर्यंत मोजल्याही होत्या. चौसष्टाव्या पायरीवर चिकपेटेतला एक कापडवाला सहकुटुंब उतरत होता. त्यानं ओळखलं. "अय्यो! चँपियन सार!" म्हणत त्यानं वाट अडवली. मुलांना पुढे केलं. सर्वांत लांब नदी कुठली, मधमाशीला डोळे किती, कुठल्या राजाला किती राण्या. सुधींद्ररावांनी बारा प्रश्नांची बारा उत्तरं दिली. कापडवाल्याच्या बायकोनं छत्री त्यांच्या डोक्यावर धरली. नंतर ते वर पोहोचले ते जणू तरंगतच. देवळात गेल्यावर लक्षात आलं, की आकडा कुठेतरी वाटेत सांडला. ऊन वर आलं होतं. त्यांनी अर्चक गुंडाचारांना विचारलं, "आचाररे, पायऱ्या किती हो?"

"एकशे आठ. आजोबांच्या काळापासून."

सुधींद्ररावांना तो आकडा आवडला. किती शोभणारा! त्यांनी वही काढली, एकशे आठ लिहिले आणि लाल शाईनं सवयीनं ते दोन शब्दही लिहून टाकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी छापखान्यात ते एका लग्नपत्रिकेचं मुद्रित वाचत होते, तेवढ्यात दारात एक चष्मेवाली बाई उभी राहिली. नऊवारी नाही, पाचवारी. हातात गुंडाळी केलेला मोठा कागद.

"नमस्कार. आपणच सुधींद्रराव का?"

"हो. आपण?"

"मी नूरेळु."

छपाईचे खिळे जुळवणारे कामगार फिसकन हसले. बाईही हसली आणि म्हणाली, "मी हेमलता. राजाजीनगरला राहते. आमचे यजमान सरकारी कारखान्यात इंजिनियर आहेत. पुण्याहून येऊन दोन वर्षं झाली." तिनं टेबलावरची मुद्रितं विचारून बाजूला सारली आणि कागद उलगडला. "हे त्यांनी मला आलेखाच्या कागदावर काढून दिलं. प्रत्येक पायरी आहे यात. एकोणतिसावी मधोमध तडकलीय, ती मी एकच धरली. त्रेपन्नावीवर कुणीतरी प्रेयसीचं नाव कोरलंय. वरचा उंबरठा धरला नाही, कारण तो उंबरठा आहे."

सुधींद्ररावांनी कागद पाहिला. आयुष्यभर इतरांच्या चुका शोधलेल्या माणसाला बिनचूक काम एका नजरेत ओळखता येतं.

"मी भांडायला आले नाही," हेमलता म्हणाली. "एवढंच विचारायचं होतं, की आपण स्वतः मोजल्या होत्या का? मोजल्या असतील, तर मी उद्या पुन्हा जाऊन मोजीन. आणि माझी चूक निघाली तर तसं पत्र रेडिओला पाठवीन."

अकरा कामगारांचे हात खिळ्यांच्या खान्यांवर थांबले. मालकही आपल्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. या अकरा जणांना सुधींद्ररावांनी तेरा वर्षं एकेका अनुस्वारासाठी धारेवर धरलं होतं.

"अर्थात!" सुधींद्रराव म्हणाले. "स्वतः मोजल्या."

"सरी," हेमलता म्हणाली. 'ठीक आहे' म्हणायचा हा एक कानडी शब्द तिला अगदी इथल्यासारखा जमत होता. तिनं कागद गुंडाळला आणि ती निघून गेली. सुधींद्ररावांनी पुन्हा लग्नपत्रिका हातात घेतली. त्या दिवशी त्या पत्रिकेत वराच्या जागी वराच्या बापाचं नाव छापून गेलं.

हेमलतानं दुसऱ्या दिवशी खरोखरच पुन्हा मोजल्या. एकशे सात. तिनं तसं पत्र रेडिओला पाठवलं. पण ती काही एकटी नव्हती. गुरुवारचा तंटा अख्ख्या शहरानं ऐकला होता, आणि शनिवार हा हनुमंताचा वार. त्या दिवशी टेकडीवर जो तो मोजत चढत होता. एका वकिलाला एकशे चार भरल्या, कारण तडकलेल्या पायऱ्या त्यानं पुरावा म्हणून ग्राह्य धरल्या नाहीत. कॉलेजातली पोरं गाणी म्हणत चढली, त्यांना एकशे अकरा मिळाल्या. लष्करातून निवृत्त झालेल्या एका सुभेदारानं चढताना एकशे सात आणि उतरताना एकशे आठ मोजल्या आणि उतरणीला एक जास्तच लागते असा निकाल दिला. पायथ्याशी शेंगदाणेवाले आले, उसाच्या रसाची गाडी आली. तिथं नेहमी फुलं विकणारी चंपा दुपारी बाराच्या आत टोपली रिकामी करून घरी जाऊ लागली.

इथवर गंमत होती. पण मग भक्तांच्या ध्यानात आलं, की नवस एकशे आठ पायऱ्यांचे होते.

"आचाररे," एका बाईनं गुंडाचारांना गाठलं, "दोन वर्षांमागं मुलीच्या लग्नासाठी मी पायरीपायरीला नमस्कार घातला होता. एकशे सातच झाले म्हणता? तरीच! तरीच जावई तसला निघाला!"

एकाचा दमा पूर्ण गेला नव्हता, एकाची बढती अर्ध्यावर अडली होती, एकाची म्हैस एका वेळचंच दूध देत होती. सगळ्यांना आता कारण सापडलं. गुंडाचारांच्या डोळ्यांना पाणी आलं. "माझे आजोबा एकशे आठ सांगत," ते प्रत्येकाला म्हणत. "आजोबा काय खोटं बोलतील?"

"तुम्ही कधी मोजल्या का?"

"देवाच्या पायऱ्या मोजायच्या नसतात हो, चढायच्या असतात!"

आठवडाभर हे असंच चाललं. घरी अंबुअक्कानं तीन वर्षांचे तीन दिवे वेगळे काढून देव्हाऱ्याशी ठेवले आणि ती भावाकडे बघेनाशी झाली. रेडिओवर पत्रांची पोती येऊ लागली. शेवटी प्राणेशरावांनी छापखान्यात फोन केला. मालकांनी सुधींद्ररावांना बोलावून फोन हातात दिला आणि स्वतः तिथंच थांबले.

"रावरे," प्राणेशराव म्हणाले, "रविवारी सकाळी सगळ्यांसमोर मोजणी करू. टेपरेकॉर्डर आणतो. माईक धरून तुम्ही स्वतः मोजत चढायचं. तुमचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. तुमची ती वही आहे ना, त्या वहीवर आमचा सगळा कार्यक्रम उभा आहे."

शनिवारी पहाटे सुधींद्रराव उठून चपला घालू लागले. वसुमती आधीच लुगड्याचा पदर खोचून दाराशी उभी होती.

"तू कुठं?"

"तुमच्याबरोबर. दोघं असलो म्हणजे कुणी वाटेत अडवलं तर एक जण मोजत राहील."

पहिल्या बसनं ते टेकडीपाशी पोहोचले. अजून गर्दी नव्हती. दोघंही मनात मोजत चढले आणि देवळाच्या दाराशी त्यांनी एकमेकांकडे बघितलं.

"एकशे सात," वसुमती म्हणाली.

"उंबरठा धरला तर..."

"तो उंबरठा आहे."

"चौथरा धरला तर?"

"अहो," वसुमती अगदी मऊ आवाजात म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही मोजल्या नव्हत्या ना?"

"तुला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. घरी आल्यावर तुम्ही मला त्या कापडवाल्याचे बाराच्या बारा प्रश्न सांगितलेत. छत्रीचा रंग सांगितलात. पायऱ्यांबद्दल चकार शब्द नाही. तुम्ही मोजल्या असत्या तर तडकलेल्या पायरीला कोण जबाबदार, इथपर्यंत ऐकावं लागलं असतं मला."

सुधींद्रराव वरच्या पायरीवर बसले. खाली राजाजीनगरची नवी घरं उन्हात उजळू लागली होती. इतक्या वर्षांत 'माहीत नाही' हे दोन शब्द त्यांनी उच्चारले नव्हते, आणि 'चूक' हा एक शब्द तर त्यांनी फक्त इतरांच्या कागदावर लिहिला होता.

"उद्या काय बोलू?" त्यांनी विचारलं.

"ते मी कसं सांगू? प्रश्नकर्ते तुम्ही." मग ती त्यांच्या शेजारी बसली. "पण ती बाई बिचारी आठवडाभर पुनःपुन्हा चढतेय म्हणे. आपलंच चुकलं असेल म्हणून. तेवढं लक्षात असू द्या."

रविवारी टेकडीला जत्रेचं रूप आलं. छापखान्याचे अकराही कामगार स्वच्छ कपडे घालून आले होते. मालक आले होते. अंबुअक्का रिक्षातून उतरली आणि कुणाशी न बोलता चंपाच्या टोपलीशेजारी बसून राहिली. हेमलता यजमानांबरोबर एका बाजूला उभी होती; कागद आज तिनं आणला नव्हता. प्राणेशरावांनी टेप चालू केली आणि माईक पुढे केला.

सुधींद्ररावांनी माईक घेतला, पण पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं नाही.

"मोजणी करण्याआधी एक सांगायचं आहे," ते म्हणाले. स्वतःचा आवाज त्यांना परक्यासारखा वाटला. "मी चौसष्टपर्यंतच मोजल्या होत्या. पुढं लोकांनी मला ओळखलं आणि मला ते फार आवडलं. आकडा विसरलो. वर जाऊन विचारला आणि वहीत 'स्वतः पाहिले' असं लिहिलं. हेमलताबाई छापखान्यात विचारायला आल्या, तेव्हा सगळ्यांसमोर 'मोजल्या' म्हणून सांगितलं. तेही खोटं. काल पहाटे मोजल्या. एकशे सात आहेत. त्यांचं उत्तर बरोबर होतं. घड्याळ त्यांचं. आणि आजपासून मी प्रश्न लिहिणार नाही."

एवढ्या गर्दीत रसवाल्याच्या चरकाचा आवाज तेवढा ऐकू येत होता. सुधींद्ररावांना वाटलं, आता हशा होईल. पण झालं भलतंच. आधी मालकांनी टाळी वाजवली, मग अकरा कामगारांनी, आणि मग सगळ्यांनीच. अनुस्वारावरून सर्वांत जास्त बोलणी खाल्लेला म्हातारा कामगार शेजारच्या माणसाला सांगत होता, "आमचे आहेत. आमच्या छापखान्यातले."

हेमलता पुढे आली. तिला काहीतरी पुणेरी बोलायचं होतं बहुतेक, पण तिनं नुसते हात जोडले.

प्रश्न राहिला गुंडाचारांचा. नवस अपुरे होते ते अपुरेच. देवळाच्या पंचांनी बसून ठरवलं, की एकशे सात आहेत ना, मग एक नवी पायरी बसवू, म्हणजे पुढचा तंटा मिटला. चांगला काळा दगड घडवून आणला. त्याची पूजा झाली. दोन आठवड्यांनी, सोमवारी सकाळी, पाथरवटानं खालच्या बाजूला दगड बसवण्यासाठी पहार घातली. ती ठण्णकन वाजली.

त्यानं आणखी उकरलं. मातीखाली पायरी होती. जुनी, झिजलेली, मधोमध पावलांनी खोलगट झालेली. तीन वर्षांपूर्वी बससाठी रस्ता आणताना खडी टाकून उंच केला, त्यात ती सबंध गाडली गेली होती.

गुंडाचार देवळातून धावत उतरले ते एकशे आठव्या पायरीवर येऊनच थांबले आणि आजोबांचं नाव घेऊन रडू लागले.

"मला ठाऊक होतं," फुलांची वेणी गुंफता गुंफता चंपा म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. "मग बोलली का नाहीस ग?"

"तुम्ही सगळे किती, किती म्हणून विचारत होता. एक कुठं गेली असं विचारलं का कुणी?"

संध्याकाळपर्यंत बातमी चामराजपेटेत पोहोचली. सुधींद्रराव छापखान्यातून परतले तो घरासमोर ही गर्दी. शेजारी हार घेऊन उभे. अंबुअक्का दारातच सांगत सुटली होती, "माझे दिवे बरोबर होते! आणि माझा भाऊ पण बरोबर होता! एकशे आठच!" प्राणेशराव हात पसरून पुढे आले. "रावरे, जिंकलात! गुरुवारी जाहीर करतो. तुमचं उत्तर बरोबर होतं. उद्यापासून पुन्हा प्रश्न लिहा."

त्यांच्या मागे हेमलता उभी होती. तिच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं घड्याळ होतं. "हे तुमचं," ती म्हणाली. "माझी एक कमी पडली."

हार आला, गळ्यात पडला. फुलांचा वास नाकात गेला आणि सुधींद्ररावांच्या छातीत ती ओळखीची ऊब पसरू लागली. फक्त हसायचं होतं. कुणी काही विचारलं नसतं. त्यांनी वसुमतीकडे पाहिलं. ती त्यांच्याकडे बघत नव्हती, चुलीवर काहीतरी उतू जात असल्यासारखी आत बघत होती. पण आत जात नव्हती.

"नाही," सुधींद्रराव म्हणाले आणि त्यांनी हार काढला. "उत्तर बरोबर निघालं. मी चूकच होतो. मला जर त्या दिवशी कुणी विचारलं असतं, की एकशे आठवी दाखव, तर मी काय दाखवलं असतं? या बाईंनी जेवढ्या दिसल्या तेवढ्या सांगितल्या. घड्याळ त्यांनीच न्यावं."

"तीनच पुरेत आम्हांला," वसुमती पटकन म्हणाली.

प्राणेशरावांनी खिशातून कागद काढून तिथंच नवा निकाल लिहिला. गुरुवारी निवेदकानं वाचून दाखवलं, की त्या दिवशी दिसत होत्या त्याप्रमाणे एकशे सात हे उत्तर मान्य आहे, आज एकशे आठ आहेत, आणि यापुढे प्रश्न सुधींद्रराव लिहितील आणि हेमलताबाई तपासतील. टेपवरचं टेकडीखालचं भाषणही त्यांनी तसंच्या तसं लावलं. चौसष्ट, छत्री, सगळं. त्या वेळी सहाही घरांतले रेडिओ मोठे होते; सुधींद्ररावांचा मात्र बारीक.

पूजा झालेला नवा दगड परत नेता येईना. तो बस थांबते तिथं ठेवला. चंपा त्यावर बसते.

आता वाटेल, की चूक कबूल केलेल्या माणसाचा भाव उतरला असेल. महिन्याभरात उलटंच घडू लागलं. मागडीच्या बाजूच्या एका गावातून पत्र आलं. त्यांच्याकडे देवळापुढे पायऱ्यांचं जुनं तळं होतं. पायऱ्या बावन्न की चौपन्न, यावरून गावात दोन तट पडून दोन निरनिराळ्या दिवशी उत्सव होत असे. 'रेडिओवर ज्यांनी आपणच चुकलो असं सांगितलं, त्यांनीच येऊन मोजावं,' असं दोन्ही तटांनी सह्या करून लिहिलं होतं. 'त्यांचा आकडा आम्ही मानू.' मग तसंच आणखी एक पत्र आलं, मग आणखी तीन. एका गावाला चिंचेचं झाड कुणाच्या हद्दीत आहे ते ठरवून हवं होतं.

मालकांनी रजा दिली आणि एका रविवारी सुधींद्रराव, वसुमती आणि हेमलता मागडीची बस धरून त्या गावी गेले. वेशीवर वाजंत्री होती. दोन तट रस्त्याच्या दोन बाजूंना उभे होते. शाळामास्तर त्यांना तळ्याकाठी घेऊन गेले. तिथं पांढऱ्या रंगानं रंगवलेली, अजून ओली असलेली एक मोठी फळी उभी केली होती. वर काळ्या अक्षरांत तळ्याचं नाव, खाली 'पायऱ्यांची संख्या', आणि त्याखाली 'मोजणार: श्री. सुधींद्रराव, बंगळूर'.

सुधींद्ररावांनी ती दोनदा वाचली. एकही अक्षर चुकलं नव्हतं. मग त्यांनी मास्तरांना विचारलं, "आकडा का नाही घातला?"

मास्तरांनी हातातला कुंचला दाखवला. "तुम्ही मोजून वर आल्यावर घालणार, सार. तोपर्यंत जागा मोकळी ठेवली आहे."

सुधींद्रराव त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिले. मग त्यांनी धोतराचा सोगा वर खोचला, चपला काढून वसुमतीकडे दिल्या आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवून, दोन्ही तटांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ओंदु."